राखेवर मारलेलं पाणी

तीस वर्षं मी भिवंडीच्या एका मराठी शाळेत भूगोल शिकवला. ज्वालामुखी हा माझा हातखंडा धडा होता. फळ्यावर रंगीत खडूंनी डोंगराचा उभा छेद काढायचा, लाल खडूने शिलारसाची नळी, वर मुख, मुखातून धूर आणि बाजूला बाण काढून नावं. माझी आकृती पुसताना पुढच्या तासाचे सर कचरतात, असं मी घरी सांगत असे. बायको म्हणायची, खडू घासून घासून लावता, पुसताना त्यांचे हात दुखत असतील. त्या धड्यातलं एक वाक्य मी दरवर्षी मुलांना दोनदा लिहायला लावत असे. ज्वालामुखीची राख ही काही जळून झालेली राख नसते, तो खडकाचा बारीक भुगा असतो. दुसऱ्या दिवशी तोंडी विचारायचो आणि ज्याला येणार नाही त्याला वर्गाबाहेर उभं करायचो.

खरा ज्वालामुखी मी कधी पाहिला नाही आणि पाहायची हौसही नव्हती. मला प्रवासाची दगदग सोसत नाही. निवृत्तीनंतर माझं उत्तम चाललं होतं. सकाळी भाजीबाजारात फेरी, दुपारी झोप, संध्याकाळी दारात खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चुका काढणं. शेजारच्या कापडाच्या लूमचा खडखडाट इतका अंगवळणी पडला होता की वीज गेल्यावर तो थांबला की मला जाग यायची.

आमची एकुलती एक मुलगी परिचारिका आहे. कल्याणच्या इस्पितळात चार वर्षं काढून ती कॅरिबियन समुद्रातल्या एका लहानशा बेटावर सरकारी दवाखान्यात नोकरीला गेली. नकाशात ते बेट पेनाच्या टोकाखाली झाकून जातं. तिथे ज्वालामुखी आहे हे मी तिला तिकीट काढण्याआधीच सांगितलं होतं. ती म्हणाली, झोपलेला आहे. मी म्हणालो, उठतो तो झोपलेलाच. यावर ती आणि तिची आई दोघीही हसल्या आणि बॅगा भरायला लागल्या.

बेटाच्या दक्षिण टोकाला एका सत्तरीच्या बाईंच्या घरात तिला खोली मिळाली. बाई एकट्याच राहायच्या. त्यांना आम्ही घरी घरमालकीणबाईच म्हणायचो. घराचं छप्पर पत्र्याचं, मागे उतरत्या पत्र्याचं वेगळं स्वयंपाकघर आणि अंगणात पावसाचं पाणी साठवायची टाकी. मुलीला त्यांनी पहिल्याच आठवड्यात मासे कसे तळायचे ते शिकवलं. आमच्या मुलीला, जी इथे खाडीचे मासे खाऊन वाढली! पण ती मुकाट शिकली. दोघींचं छान जमलं होतं.

दोन वर्षांनी तो डोंगर उठला. बातमी पाहिली तेव्हा मी चहा पीत होतो. कप खाली ठेवायचं मला भान राहिलं नाही. पण तासाभरात मुलीचा फोन आला. डोंगर उत्तरेला, ती दक्षिणेला, मध्ये बरंच अंतर. उत्तरेकडची गावं रिकामी करून माणसांना बोटींनी आणि बसगाड्यांनी दक्षिणेकडच्या शाळांत आणून ठेवलं होतं. बाक भिंतीला लावून वर्गात गाद्या घातल्या होत्या. मुलीची ड्युटी त्यातल्याच एका शाळेत लागली होती. दम्याचे रोगी, लहान मुलं, डोळ्यांत राख गेलेली माणसं. घरमालकीणबाईंनी आपल्या बहिणीचं सात जणांचं कुटुंब घरात घेतलं होतं आणि समोरच्या शाळेतल्या लोकांसाठीही त्या मागच्या स्वयंपाकघरात रोज मोठं पातेलं चढवत होत्या. मुलगी सुखरूप आहे म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला.

आणि आता कबूल करायला हरकत नाही, पुढचे चार दिवस मी मजेत होतो. आळीतली माणसं येऊन विचारायची, सर, हे नक्की काय होतं हो? मी जुन्या वहीत आकृती काढून दाखवायचो. औषधाच्या दुकानदाराने तर मला काउंटरच्या आत बसवून पूर्ण धडा ऐकला. निवृत्त मास्तराला इतके कान कधी मिळतात? बायको आतून म्हणाली, तिकडे माणसं घरदार सोडून बसलीत आणि तुम्हाला शिलारसाचा उत्साह. मी म्हणालो, ज्ञानात उत्साह असायलाच हवा.

पाचव्या दिवशी वारा फिरला आणि राख दक्षिणेकडे पडायला लागली. आमच्या संध्याकाळी, म्हणजे तिच्या सकाळी, मुलीचा फोन आला. बाहेर दिवसाढवळ्या दिवे लावावे लागले होते. पत्र्यावर चार बोटं राख साचली होती आणि अजून पडत होती. घरमालकीणबाई आणि बाकी सगळे न्याहारीचे डबे घेऊन शाळेत गेले होते. ती तासाभराने ड्युटीवर जाणार होती. तेवढ्यात निदान स्वयंपाकघराचं छप्पर साफ करून ठेवावं, असं तिच्या मनात होतं. ती नुसती झाडायला गेली तर इतकी राख उडाली की तिला श्वास घेता येईना. बाबा, काय करू, असं तिने विचारलं.

आता भिवंडीच्या माणसाला राखेचं काय सांगायचं! आमच्याकडे सुताला खळ लावायचे कारखाने आहेत, त्यांना सायझिंग म्हणतात. त्यांचे बॉयलर लाकूडफाट्यावर चालतात आणि चिमणीतून उडालेली राख गच्चीवर, पत्र्यावर, वाळत घातलेल्या साड्यांवर येऊन बसते. माझ्या लहानपणापासून घरोघरी एकच रीत आहे. कोरडं झाडायचं नाही. आधी भरपूर पाणी मारायचं, राख बसली की खराट्याने ओढून काढायची. माझी आई असंच करायची, बायको असंच करते, मुलीनेही गच्ची अशीच धुतलेली आहे. मी म्हणालो, आपण सायझिंगच्या राखेला करतो तेच कर. आधी पाणी मार.

ती म्हणाली, नळ बंद आहेत, राखेमुळे पुरवठा थांबवलाय. टाकीतलं पाणी वापरावं लागेल. मी म्हणालो, मग वापर.

"बाबा, नक्की ना?"

"तीस वर्षं शिकवलंय मी हे."

फोन कानाला लावूनच ती शिडीवर चढली आणि तिने टाकीच्या पंपाची नळी छपरावर धरली. मला पाण्याचा आवाज ऐकू येत होता. भरपूर मार, असं मी दोनदा सांगितलं. मग तिने घाईने फोन ठेवला. मी चहाचा दुसरा कप मागितला.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, पण तिच्या आईला. बायको स्वयंपाकघरात उभी राहून बराच वेळ नुसती हं हं करत होती. मग बाहेर येऊन माझ्यासमोर बसली आणि तिने सगळं सांगितलं. भिजलेली राख सिमेंटसारखी जड झाली होती. मुलगी शिडीवरून उतरून जेमतेम अंगणात आली आणि स्वयंपाकघराचं छप्पर कडाकडा मोडून खाली आलं. आत कुणी नव्हतं, म्हणून निभावलं. पण चूल गेली, मोठं पातेलं चेपलं, शाळेतल्या माणसांना त्या दिवशी बिस्किटांवर भागवावं लागलं. टाकीतलं निम्मं पाणी संपलं होतं ते वेगळंच. घरमालकीणबाईंनी विचारलं, हे तुला कुणी सांगितलं? मुलगी म्हणाली, कुणी नाही, माझीच अक्कल. त्या दिवसापासून बाई तिच्याशी बोलत नव्हत्या. महिनाअखेर दुसरी खोली बघ, एवढंच काय ते म्हणाल्या होत्या.

"तुमचं नाव तिने घेतलं नाही," बायको म्हणाली.

मी आधी वाद घातला. जास्तच पाणी मारलं असेल. पत्रे मुळातच कुजके असतील. सरकारी पत्रकातही फरशीवर हलका शिडकावा करा असं लिहिलेलं असतं, मी काय वेगळं सांगितलं? बायकोने ताट वाढलं, पाणी ठेवलं आणि आत निघून गेली. इतक्या वर्षांत ती माझ्याशी भांडली नाही असा आठवडा गेला नसेल, पण त्या दिवशी भांडली नाही. राख म्हणजे खडकाचा भुगा, हे वाक्य मी किती मुलांना लिहायला लावलं होतं, आणि माझ्याच मुलीला नेमका त्याच्या उलटा सल्ला दिला होता. सायझिंगची राख लाकडाची असते. ही दगडाची होती. मला लाज वाटली, मनापासून वाटली, पण ती कुणाला सांगायची मला सवय नव्हती.

मोठ्या घराचं छप्पर अजून तसंच होतं. त्यावर राख चढत होती, तिकडे पावसाचा अंदाज होता आणि खाली नऊ माणसं झोपत होती. आपल्या मुलीच्या डोक्यावर ते छप्पर आहे, हा एकच विचार माझ्या मनात फिरत राहिला. सकाळी उठून मी रिक्षाने काल्हेरला गेलो.

काल्हेरला माझा एक जुना विद्यार्थी आहे. घरची भातशेती होती, तिथे आता गोदामं उभी आहेत आणि हा गोदामांवर पत्रे बसवायची कामं घेतो. चाळिशीचा झालाय, पोट सुटलंय, पण मला पाहिल्यावर ताडकन उठून पाया पडला. मी त्याला सगळं सांगितलं. बेट, डोंगर, राख, छप्पर. फक्त एके ठिकाणी माझी जीभ जराशी वळली. मी म्हणालो, तिथे कुणीतरी वरून पाणी मारलं.

"कोन शाना त्यो?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, असेल कुणीतरी. आणि चहा ढवळत बसलो.

तो म्हणाला, "सर, ती राख न्हाय, खडकाचा भुगा हाय. तुमी मना बाहेर उभा केलावता, तवाच पाठ झाला. भुगा भिजला का वजन वाढतं, पत्रा कसा झेलल?"

मी मान हलवली. त्याला वर्गाबाहेर उभं केल्याचं मला आठवतही नव्हतं. त्याने मात्र ते माझ्यापेक्षा नीट लक्षात ठेवलं होतं, आणि राग धरून नाही तर अगदी कौतुकाने. मी सांगितलं ते त्याच्याजवळ सुखरूप राहिलं होतं आणि माझ्याच डोक्यातून निघून गेलं होतं.

त्याच संध्याकाळी साडेपाचला, तिच्या सकाळी आठला, त्याने मुलीला व्हिडिओ कॉल लावला. नुसतं तोंडाने सांगून समजणार नाही म्हणाला. कमरेला पट्टा बांधला, फोन छातीच्या खिशात कॅमेरा बाहेर करून ठेवला आणि एवढ्या मोठ्या पोटासकट गोदामाच्या छपरावर चढला. मी खाली ट्रकांच्या मध्ये उभा राहून माझ्या फोनवर तोच कॉल बघत होतो. त्याने पाय कुठे ठेवायचा ते दाखवलं. पत्र्याच्या मध्ये कधीच नाही, बोल्टांची ओळ जिथे जाते तिथे, कारण खाली आडवं लाकूड असतं. आधी घरातून वाशांना टेकू द्या. बोल्टांच्या ओळींवर फळी टाका. पाण्याचा थेंब नको, तोंडाला ओला रुमाल आणि डोळ्यांना चष्मा. वरून खाली लाकडी फावड्याने हळूहळू ओढा, आणि एक बाजू पूर्ण करून मग दुसरी असं नाही, थोडं इकडचं, थोडं तिकडचं. नाहीतर वजन एकीकडे जातं.

मुलीने सगळं लिहून घेतलं. माझ्याशी दोन वाक्यं बोलली, जेवलात का आणि औषध घेतलं का. मी हो म्हणालो.

त्यांना ते काम दीड दिवस पुरलं. मध्ये मध्ये तिने फोटो पाठवले. फळीवर ती आणि बाईंच्या बहिणीचे यजमान, दोघांचीही तोंडं रुमालांत गुंडाळलेली, आणि खाली शिडी धरून उभ्या असलेल्या घरमालकीणबाई. बोलत नव्हत्या, पण शिडी त्यांनीच धरली होती. माझा विद्यार्थी प्रत्येक फोटो मोठा करून बघायचा आणि मला उलट फोन करायचा. सर, डाव्या बाजूला टेकू कमी हाय. सर, आता झकास. एवढी काळजी त्याने स्वतःच्या गोदामाचीही घेतली नसेल. त्या दिवसांत माझं त्याच्याशी जेवढं बोलणं झालं, तेवढं तो वर्गात असताना चार वर्षांत झालं नव्हतं, आणि मला ते फार आवडलं.

तिसऱ्या दिवशी बेटावर पाऊस झाला. छप्पर जागच्या जागी राहिलं. टाकीही भरली. शाळेतल्या लोकांनी मिळून स्वयंपाकघरावर ताडपत्री टाकली आणि चेपलेलं पातेलं ठोकून नव्या मांडलेल्या चुलीवर चढवलं.

त्या संध्याकाळी फोन आला तेव्हा आम्ही दोघं ओट्याजवळ बसून वालाच्या शेंगा सोलत होतो. पडद्यावर मुलीऐवजी घरमालकीणबाई होत्या. डोक्याला रुमाल, भुवयांत अजून करडी राख. मुलगी मागे उभी होती. बाईंना माझे आभार मानायचे होते. तुमच्या मुलीला जे सुचत नाही ते तुम्हाला सुचलं, असं त्या म्हणाल्या. तुम्ही मास्तर आहात ना, शहाण्या माणसाने वेळेवर सांगितलं म्हणून आम्ही सगळे छपराखाली आहोत.

मागून मुलगी मान हलवत होती. नको, बाबा, राहू द्या. तिचा तो चेहरा मला चांगला माहीत आहे. लहानपणी माझा चष्मा तिच्या हातून फुटला असं तिने आईला सांगितलं होतं तेव्हाही तो असाच होता, आणि चष्मा माझ्याच बुडाखाली फुटला होता. तेव्हाही मी गप्प बसलो होतो.

माझं इंग्रजी पुस्तकी आहे. पण मी ते जमवलं. म्हणालो, पाणी मारायला मीच सांगितलं होतं. ती विचारत होती नक्की ना, आणि मी म्हणालो नक्की. चूक माझी आहे, तिची नाही. छप्पर कसं वाचवायचं हे सांगणारा माणूस वेगळा आहे, तो माझा विद्यार्थी. माझ्या हातातली शेंग कधी खाली पडली कळलं नाही.

बाई शांतपणे म्हणाल्या, "मला माहीत होतं. मी न्याहारी पोचवून परत येत होते. रस्त्यापलीकडून बघितलं, ही शिडीवर, एका हातात नळी आणि एका हातात फोन, आणि सारखं बाबा, बाबा. तेवढा एक शब्द मला समजतो. रोज ऐकते मी तो."

मग एवढा राग कशासाठी, असं मी विचारलं.

"छप्पर पडलं म्हणून नाही रागावले. ती माझ्याशी खोटं बोलली म्हणून रागावले. पण बापासाठी बोलली. आता तुम्ही बोललात, म्हणजे झालं. खोली तिचीच आहे."

आणि त्यांनी मागे हात करून मुलीला पुढे ओढलं, तिच्या गालावरची राख आपल्या रुमालाने पुसली आणि फोन तिच्या हातात देऊन चुलीकडे गेल्या. मुलगी रडत होती आणि हसतही होती. माझेही डोळे भरून आले होते, ते मी लपवले नाहीत.

बायकोला यातलं निम्मं इंग्रजी कळलं नव्हतं. ती शेंगा बाजूला ठेवून माझ्याकडे वळली आणि तिने विचारलं, "काय म्हणालात हो तुम्ही त्यांना?"

इंग्रजीत बोलणं सोपं गेलं होतं. ती भाषा परकी, बाईही परक्या. आता समोर बायको बसली होती, हातात मुलगी होती आणि शब्द आपले होते. मी पाण्याचा घोट घेतला.

"माझं चुकलं, असं म्हणालो."

बायकोने मान हलवली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. फोनमधून मुलीने नाक पुसल्याचा आवाज आला.

"बाबा, रेंज नाहीये नीट," ती म्हणाली. "मला ऐकू नाही आलं."

रेंज उत्तम होती. मागे चुलीवरचं पातेलं खदखदत होतं, तेही मला ऐकू येत होतं. मी पुन्हा म्हणालो.